अरबी समुद्रात गेलेला भूकंप

"कोण म्हणते माह्या घरातलं यंत्र खोटं बोलते? आण त्याले समोर!"

पार्वतीबाई लाटण्यासकट बैठकीत आल्या. समोर आणायची गरजच नव्हती. म्हणणारा लॅपटॉपच्या पडद्यावर होता, जर्मनीत बसलेला. लाटणं बघून तो खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकला. दुर्गेशने घाईघाईने आवाज बंद केला.

"आई, मीटिंग चालू हाय. आत जा ना तू."

"काहून जाऊ? घर माह्यं, खोली माह्यी, खालचा खडक माह्या. अन् बदनामी ऐकाले मी आत जाऊन बसू?"

खडक त्यांचाच होता. नागपूरजवळ, हिंगण्याच्या पुढे त्यांच्या यजमानांनी, गणपतरावांनी प्लॉट घेतला, तेव्हा विहीर खणायला आलेल्यांच्या पहारी वाकल्या, पण मागच्या बाजूचा काळा पाषाण जागचा हलला नाही. गणपतराव गेले, विहीर राहिली ती राहिलीच. मग त्याच पाषाणावर बांधलेल्या खोलीत, भूकंपाच्या ऑफिसात नोकरीला असलेल्या दुर्गेशने पापडाच्या डब्याएवढं एक स्टीलचं यंत्र आणून बसवलं. धरणी कुठेही हलली की डब्याला कळतं, डब्याचं ऑफिसला. तेव्हापासून पार्वतीबाई भाजीवालीलाही सुनावत, "जपानात हाललं तरी पयले माह्या घरी समजते. तू मले वांगे शिकवू नको."

आता साऱ्या देशांनी ठरवलं होतं की आपापल्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवायच्या आणि एकत्र करून सगळ्यांनी वापरायच्या. त्या पंगतीत नागपूरच्या यंत्राला पाट मांडायचा की नाही, हे आज ठरणार होतं. दुर्गेश दोन वर्षं त्याच्यामागे धावत होता, आणि नेमकं आजच घोडं अडलं होतं.

"काय म्हणून राहिला तो? सांग मले."

"अफगाणिस्तानच्या डोंगरात मागच्या हप्त्यात भूकंप झाला. सगळ्यांचे यंत्र तेच सांगतात. आपलं एकटं म्हणते, अरबी समुद्रात झाला."

"मंग असंन समुद्रात! ते सारे एकमेकाचं पाहून लिहून राहिले."

"आई, एकमेकांचं पाहायचं, हेच तर ठरलं हाय."

"पाह्य बाप्पा! आमच्या शाळेत याच्यासाठी छड्या भेटत. मी चौथीत शाळा सोडली, पण कोणाचं पाहून नाई लिहिलं. अन् हे विलायतेले राहून कॉपी करतात?"

दुर्गेशने कपाळ धरलं. "यंत्राले कोणी हात लावला काय, एवढंच विचारून राहिला तो."

पार्वतीबाई गर्रकन स्वयंपाकघराकडे वळल्या. "गुंजन! झाडताना धक्का देला ना वं तू?"

"मी कशी देईन, आई?" सून कणीक मळता मळता म्हणाली. "खोलीची किल्ली तुमच्याच कमरेला असते."

या उत्तराने त्या आणखीच भडकल्या. "चाल दुर्गेश, उचल तुह्या त्या जर्मनीवाल्याले! दाखव त्याले खोली. पाहू दे, कसं देवासारखं ठेवलं हाय!"

लॅपटॉप उचलून वरात मागच्या खोलीशी गेली. पार्वतीबाईंनी कुलूप काढलं. आत यंत्र खरोखरच देवासारखं होतं: वर हळदकुंकू, आपट्याची पानं, गळ्यात झेंडूचा वाळलेला हार. पडद्यावरचा माणूस नाक पुढे काढून बघू लागला. दुर्गेशने हार बाजूला केला. हाराखाली एक बाण कोरलेला होता. यंत्र दिशा धरायचं ती त्या बाणावरून, आणि तो उत्तरेकडे असायला हवा होता. तो होता पूर्वेच्या खिडकीकडे.

"आई, दसऱ्याले तू हे फिरवलं?"

"फिरवलं म्हंजे? पूजा केली! विळ्यापासून शिलाई मशीनपर्यंत साऱ्याची करतो, याची नाई करू? तू त्याचं तोंड भलतीकडं ठेवलं होतं. पूजेत तोंड पूर्वेले पायजे, एवढंही तुह्या ऑफिसात कोणाले समजत नाई?"

"अवं, त्याच्यानंच तर अफगाणिस्तान समुद्रात गेलं!" दुर्गेश यंत्राकडे झेपावला.

लाटणं आडवं आलं. "खबरदार! पुजलेल्या वस्तूले हात लावला तर. त्या जर्मनीवाल्याले सांग, त्याचं पूर्वेकडं कर म्हणा."

मग दुर्गेश पडद्यापुढे मान घालून इंग्रजीत बोलू लागला. पार्वतीबाईंना त्यातलं एकच समजलं. सॉरी सर. व्हेरी सॉरी सर. एक्स्ट्रीमली सॉरी सर.

जर्मनीवाला मात्र हसला. यंत्र अजिबात हलवू नका, म्हणाला. नागपूरचा बाण पूर्वेकडे आहे, एवढं नोंदीत लिहिलं की झालं. सगळ्या देशांची कॉम्प्युटरं तसा हिशेब धरतील. संध्याकाळपर्यंत जगभर बदल झाला, आणि नागपूरला पंगतीत पाट मिळाला.

"पाह्यलं? जग वळलं, माह्यं यंत्र नाई वळलं!" पार्वतीबाईंनी शेजारच्या तिन्ही घरी जाऊन सांगितलं.

पण दुर्गेशचा तो 'सॉरी' त्यांना सलत राहिला. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच देखत, त्यांचं लेकरू एका परक्यापुढे एवढं वाकलं, आणि कोणापायी? राग कोणावर काढावा ते कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या भांड्यांवर काढत होत्या. चूक झाली असं म्हणायची त्या तोंडाला सवय नव्हती. दुर्गेश ऑफिसला गेला, गुंजन दळण आणायला गेली, तशी त्यांनी कमरेची किल्ली काढली. यंत्राला हात जोडले. यंत्र फिरवून बाण आधी होता तसा, दुर्गेशने ठेवला होता अगदी तसा, उत्तरेकडे करून दिला. वर ताजं जास्वंदीचं फूल वाहिलं. मग लेकाच्या आवडीचा, डाळीचे गोळे घातलेला गोळाभात रांधायला घेतला.

दुपारीच दुर्गेश परत आला, तो घामाघूम.

"घ्या! सकाळी अंदमानात भूकंप झाला. सारं जग म्हणते अंदमान. आपलं यंत्र काय म्हणते? अरबी समुद्र! पुन्हा! खोलीत गेलं कोण?"

गुंजनने सासूच्या कमरेच्या किल्लीकडे पाहिलं. मग गोळाभाताकडे. अंगणातल्या जास्वंदीवर सकाळी एकच फूल होतं, ते आता नव्हतं. ती ताट वाढायला लागली.

"मले काहून विचारतं?" आतून पार्वतीबाई कडाडल्या, आणि कढलेल्या तेलाची पळी गोळाभातावर चर्रकन ओतली. "चांगलं चाललं होतं, तं काल बदल कोणी केला? त्या जर्मनीवाल्यानं! लाव त्याले फोन. अन् या बारीले सॉरी त्याले म्हणाले सांग!"