घरी आली की जड होणारी सायकल

शिंपी सायकल कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा होता.

"वाच लवकर, हात निखळतायत माझे!"

त्याची बायको जमिनीवर पालथी पडून, चाकाच्या मागून मान घालून काट्यातला आकडा शोधत होती. तिच्या पाठीवर दीड वर्षाची लेक घोडा-घोडा करत बसली होती.

"सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णवातून माझे चौसष्ट गेले..." शिंप्याने सायकल धाडकन खाली ठेवली. "तेहेतीस! पुस्तिकेत चोवीस छापलंय. सरळसरळ फसवणूक आहे ही!"

"फसवणूक कशी? नऊ किलो जास्तच दिलंय की त्यांनी," बायको लेकीला पाठीवरून उतरवत म्हणाली.

शिंप्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तो उलटं कापड कापणाऱ्या कारागिराकडे पाहायचा.

प्रकरण साडूपासून सुरू झालं होतं. शिंपी आणि त्याचा शाळामास्तर साडू, दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बनावटीची डोंगरावर चालवायची इलेक्ट्रिक सायकल घेतली होती. पायडल मारलं की मोटर मागून असा हलकेच रेटा देते, की वाटावं, कुणीतरी पाठीवर हात ठेवून 'चल रे बाबा' म्हणतंय. दर रविवारी दोघे पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जायचे. साडू वर पोचायचा तरी त्याच्या बॅटरीत जीव शिल्लक असायचा. शिंप्याची बॅटरी मात्र शेवटच्या वळणावर मान टाकायची. मग उरलेला चढ लोखंडाचं ते धूड ढकलत नेणं आलं. वर साडू दगडावर बसून शीळ घालत असायचा.

"वजनाचा दोष," दुकानदाराने निदान केलं होतं. "वजन जास्त, तर मोटरला कष्ट जास्त, तर बॅटरी लवकर संपणार. सायकल सदोष निघाली तर महिन्याच्या आत परत घेऊ."

महिना शनिवारी भरत होता.

"परत नका करू हो," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळत नाही. पण नका करू."

शिंप्याने पाना घेतला. स्टँड काढलं, चिखलपट्ट्या काढल्या, मागचं कॅरियर काढलं, घंटी काढली. ती लेकीने ताबडतोब ताब्यात घेतली. काढलेला सगळा ऐवज मोजला, तर चांगला दोन किलो भरला. मग सायकल पुन्हा कडेवर घेऊन काट्यावर.

"शहाण्णव," जमिनीवरून आवाज आला.

"पंच्याण्णव असायला हवं! नीट बघ."

"नीटच बघतेय. शहाण्णव."

दोन किलो काढले आणि एकच कमी झालं. मधला एक किलो गेला कुठे? शिंप्याने साडूला फोन लावला.

"का रे, बॅटरी चार्ज झाली की तिचं वजन वाढतं का?"

"तू तिच्यात पाणी भरतोस का काय?" मास्तर म्हणाला. "आणि ते तुझं चौसष्ट कधीचं आहे? आधी एकटा चढ ना काट्यावर."

"कशाला? अंगावरची पँट सांगते की. लग्नातली पँट आहे, आजही बटण न ओढता लागतं. मी वाढलो असतो तर बसली असती का?"

ती पँट गावभर प्रसिद्ध होती. गिऱ्हाईक कपडे सैल करायला घेऊन आलं, की शिंपी उठून उभा राहायचा, गोल फिरायचा आणि म्हणायचा, "बघा, आठ वर्षं! शिलाई चांगली असली की माणूससुद्धा मापात राहतो." बायको तेव्हा मशीनवर मान खाली घालून दोरा ओवत बसायची.

दुसऱ्या दिवशी त्याने सायकल दुकानात नेली. दुकानदाराने ती टांगत्या काट्याला अडकवली. बावीस. शिंप्याने चष्मा पुसून पाहिलं. बावीसच.

"पण घरी ही बत्तीस भरते!"

"मग घरचा काटा बिघडलाय."

"त्याच काट्यावर आमची लेक दहा किलो भरते. दवाखान्यातही दहाच."

दुकानदाराने सायकल काढून पुन्हा टांगली. शिंप्याने त्याला पँट दाखवली. त्याने सायकल तिसऱ्यांदा टांगली.

रविवारी नवंच कौतुक. चिखलपट्ट्या नसल्याने पाठीवर चिखलाची रांगोळी उमटली, आणि स्टँड नसल्याने सायकल जिथेतिथे लोळण घेऊ लागली. शिवाय ती हलकी झालेली सायकल उतारावर बिथरली. पूर्वी ती म्हशीसारखी जमीन धरून, शांतपणे खाली यायची. आता मागचं चाक बारीक खड्यावरही टुणकन उडायचं.

"हलकी करून काय मिळवलंस?" साडू म्हणाला. "जड होती ती चढाला त्रास द्यायची, पण उताराला सांभाळायची तरी! आता असं कर, पुन्हा चढू. माझी तू घे, तुझी मी घेतो. होऊन जाऊ दे निकाल."

दोघांनी घरी जाऊन बॅटऱ्या पुन्हा पूर्ण भरल्या आणि सायकली बदलून चढायला लागले. शेवटच्या वळणावर शिंप्याखालच्या, म्हणजे साडूच्या सायकलने मान टाकली. साडू शिंप्याची सायकल घेऊन शीळ घालत वर पोचला.

शिंप्याने घाम पुसत दोन्ही सायकलींकडे आळीपाळीने पाहिलं.

"वाईट वाटतंय सांगायला," तो म्हणाला, "पण तुझीही बिघडली."

शनिवार उजाडला. सायकल परत करायची म्हणून शिंप्याने ठेवणीतला सदरा आणि ती पँट चढवली. टेंपो दारात उभा होता, साडू मदतीला आला होता.

"जाता जाता एकदा शेवटचं वजन करतो. आकडा त्या दुकानदाराच्या तोंडावर फेकायला बरा."

"अहो, नका उचलू!" बायको एकदम पुढे धावली. "या पँटीत नका उचलू!"

पण शिंप्याने सायकल कडेवर घेतली, काट्यावर पाय ठेवला, जरासा वाकला, आणि खोलीभर आवाज झाला: टर्रर्र!

लेकीने टाळ्या वाजवल्या. साडू तोंड फिरवून भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहू लागला.

शिंपी आत जाऊन लुंगी गुंडाळून आला आणि फाटलेली पँट उलटी करून उजेडात धरली. धंद्याची सवय. पाहता पाहता त्याचा चेहरा बदलला. मागच्या शिवणीशेजारी उसवलेल्या टाक्यांची एक जुनी रेघ होती. तिच्याबाहेर दुसरी. तिच्याबाहेर तिसरी, चौथी. पुढे कधी लागलं तर सैल करता यावं म्हणून शिंपी शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, ते मार्जिन कुणीतरी बोटा-बोटाने बाहेर काढलं होतं. टाके बारीक, एकसारखे. असे टाके घालणारा हात या घरात एकच होता.

"हे तू...?"

"या वेळी काही करता आलं नाही हो," बायको हळूच म्हणाली. "मार्जिनच संपलं."

"आणि आठ वर्षांत एकदा सांगावंसं नाही वाटलं?"

"गिऱ्हाइकांपुढे गोल फिरताना तुमचा चेहरा तुम्हाला दिसत नाही. मला दिसतो." मग लेकीच्या हातातली घंटी काढून घेत म्हणाली, "आणि त्या टेकडीवरून येता तेव्हाचाही दिसतो. म्हणून म्हटलं, परत करू नका."

शिंपी एकटाच काट्यावर चढला. खाली पाहिलं. चौऱ्याहत्तर. उतरला.

"टेंपो परत पाठव," तो साडूला म्हणाला. "दोष सापडला."

"सायकलीत?"

"शिलाईत."

साडू टेंपोवाल्याला सांगायला पळाला, ते हसू आवरत. शिंप्याने चिखलपट्ट्या, स्टँड, कॅरियर सगळं पुन्हा जागेवर बसवलं, लेकीची समजूत घालून घंटीही लावली. मग कापडाचा तुकडा टेबलावर अंथरला आणि बायकोच्या हातात टेप दिली.

"घे माप. खरं घे. आणि नीट ऐक, या पँटीत मार्जिन अजिबात सोडायचं नाही. आता रोज टेकडी चढणार आहे मी. वजन उतरणार म्हणजे उतरणार!"

"बरं," बायको म्हणाली आणि माप घेऊन तिने कापडावर खडूने रेघ आखली.

तो पाना जागेवर ठेवायला वळला. तेवढ्यात तिने खडूची रेघ पुसली आणि दोन बोटं बाहेर सरकवून पुन्हा आखली.