झाकलेल्या दोन वाट्या

"आई, तू काय कलते?"

बाथरूमच्या दाराखालच्या फटीतून चार बोटं आत आली आणि वळवळायला लागली. समीक्षानं डोळे मिटले. सातवा महिना लागल्यापासून एकांत म्हणून जे काही उरलं होतं ते या दारापुरतं, आणि त्यालाही खालून फट होती.

"शू करतेय अबू. आले."

"मला पन शू."

"तू मघाशीच केलीस ना?"

"केली."

"कुठं?"

दाराबाहेर शांतता पसरली. तीन वर्षांची व्हायला आलेली अबोली जागेपणी कधीही गप्प नसे. ती गप्प झाली की घरात कुठंतरी काहीतरी ओलं झालेलं असे, नाहीतर फुटलेलं.

आज ते ओलं झालं होतं, आणि बैठकीच्या खोलीत झालं होतं. डोहाळजेवणाला येणाऱ्या बायकांसाठी अंथरलेल्या सतरंजीच्या बरोब्बर मधोमध. डोक्यावर अर्धवट खोचलेला मोगऱ्याचा मुकुट सांभाळत समीक्षा फडकं घेऊन वाकायला लागली, तोच सासूबाई धावत आल्या. त्यांचं नाव शकुंतला, पण पलूसच्या या घरात रीतीप्रमाणे ती त्यांना आत्याच म्हणत असे.

"आगं, वाकू नगंस! सतरंजी उलटी घालू. कुणाला कळतंय?"

सतरंजी उलटी झाली. पहिल्याच आलेल्या राहीबाई, म्हणजे समीक्षाच्या चुलत आजेसासू, काठी टेकत आल्या आणि नेमक्या त्याच जागेवर फतकल मारून बसल्या. घटकाभरानं म्हणाल्या, "जागा लय गार हाय बाई."

"फरशी नवी हाय आत्ती," सासूबाई म्हणाल्या.

खरं म्हणजे दुसऱ्या खेपेला कुणी डोहाळजेवण करत नाही. पहिलटकरणीचे लाड एकदा झाले की झाले. दुसऱ्या वेळी पोट सांभाळत धुणं वाळत घालावं आणि पहिलं पोर त्या धुण्यात हात पुसतंय का ते बघावं. पण सासूबाईंनी यंदा हट्टच धरला. विचारणाऱ्याला सांगायच्या, "पयल्या येळंला जयराजला सुट्टी मिळाली न्हवती, त्येचं बघायचं राहून गेलं." समीक्षाच्या नवऱ्याला, जयराजला, लष्करातून यंदाही सुट्टी मिळाली नव्हती. तेव्हा काय राहून गेलं होतं ते गावाला न सांगता कळत होतं, आणि समीक्षाला गावाच्या आधी कळलं होतं.

पहिल्या खेपेला दोन वाट्या झाकून तिच्यापुढं ठेवल्या होत्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. एम. एस्सी. झालेल्या समीक्षानं हसत हसत वाटी उचलली होती, आणि खोलीभर बसलेल्या बायकांनी ओठांचे कोपरे खाली ओढून, माना एका बाजूला कलत्या करून, एकमेकींच्या गुडघ्यावर थोपटत म्हटलं होतं, "असू दे. असू दे."

पुढं मिरजेच्या दवाखान्यात अबोली झाली तेव्हाही बाहेर बसलेल्यांनी तेच म्हटलं. दुपट्यात गुंडाळलेल्या त्या लालबुंद गोळ्याकडं बघून, जणू काचेचा ग्लास हातून फुटला आणि पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून बोलावं, तसं. "असू दे." वाईट असं कुणीच बोललं नव्हतं, त्यामुळं भांडायलाही जागा नव्हती.

तेव्हा समीक्षानं मनाशी एकच गाठ मारली होती. हा शब्द, हा चेहरा पोरीच्या कानावर आणि डोळ्यांवर पडता कामा नये. आणि आता अबोलीचं वय असं होतं की कानात गेलं ते तोंडातून बाहेर येणारच. परवा कुत्र्यावर ओरडलेल्या आजोबांची शिवी तिनं गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला दिली होती.

मुकुट नीट करायच्या निमित्तानं समीक्षा देवघराशी आली. देवापुढं दोन पितळी वाट्या ताटलीत उपड्या घालून ठेवल्या होत्या. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि एक वाटी उचलली. साताऱ्याहून मुद्दाम आणवलेला कंदी पेढा. बरं. दुसरी उचलली. कंदी पेढा.

तिला आधी हसू आलं. मग छातीत जळजळलं. सातव्या महिन्यात छातीत सारखंच जळजळतं, त्यामुळं राग कुठला आणि पित्त कुठलं हे तिला ठरवता येईना. दोन्हीकडं पेढा! म्हणजे बर्फीला या घरात झाकून ठेवण्याइतकीसुद्धा जागा नव्हती.

मिरजेहून तिच्या आईनं पाठवलेला बर्फीचा डबा तिथंच होता. समीक्षानं एक वडी काढली, एका वाटीखालचा पेढा उचलला आणि तिथं वडी ठेवली. पुन्हा बर्फी निघाली तर पुन्हा तेच ऐकावं लागेल, हे तिला कळत होतं. पण त्या वेळी अबोलीला अंगणात आजोबांकडं पाठवता येईल. खोट्या पेढ्याला मात्र तिला हात लावायचा नव्हता.

"आई खाऊ चोलते," मागून आवाज आला.

"चोरत नाही गं. बदलते."

"मला?"

हातात पेढा होताच. पोरीचं तोंड बंद करायला तो तिच्या तोंडात घालण्याखेरीज दुसरा उपाय त्या क्षणी तरी सुचला नाही. अबोलीनं निम्मा खाल्ला आणि उरलेला निम्मा समीक्षाच्या पोटावर, बेंबीशी, नेमानं दाबून धरला. गेला महिनाभर घरातला प्रत्येक जण तिला शिकवत होता, "आता बाळ येणार, आता सगळं अर्धं अर्धं करायचं." बिस्किटाचा, केळ्याचा, एकदा तर चोखलेल्या कैरीचा अर्धा वाटा त्या पोटावर येऊन चिकटला होता.

"बाळाला," ती म्हणाली. मग तिनं वाट्यांकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, पण तेवढ्यात समीक्षाला पुन्हा बाथरूम आठवलं.

परत आली तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. शेजारची शिवांजली मोबाईल घेऊन सज्ज होती. "वहिनी, हात पोटावर. हसा! रील करायचंय." फुलांच्या बाजूबंदात मुंगी निघाली होती आणि ती दंडावर चालत होती. समीक्षा हसली.

"अबोली कुठंय?" तिनं हसता हसताच विचारलं.

"आसंल हितंच. कुणाकडं तरी."

बायकांनी भरलेल्या घरात पोर नेहमी कुणाकडंतरी असतं, म्हणजेच कुणाकडंही नसतं. समीक्षा उठायला गेली, तर राहीबाईंनी काठी आडवी धरली. "बस खाली. भरल्या ओटीनं उठत्यात व्हय?"

ओट्या भरून झाल्या. सासूबाई ताटली घेऊन आल्या. दोन्ही वाट्या पालथ्या आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर निकाल आधीच फुटलेल्या परीक्षेची निश्चिंती. "उचल गं, कुठली बी उचल," त्या उदारपणे म्हणाल्या.

समीक्षानं अबोलीसाठी नजर फिरवली. ती दिसली नाही. तिनं डावी वाटी उचलली.

खाली अर्धा पेढा होता. त्याला चिकटून अर्धी बर्फी होती. दोन्हींच्या कडेला पुढचे दोन बारीक दात उमटले होते, मधे फट असलेले.

सासूबाईंचा चेहरा पडला, सावरला आणि पुन्हा पडला. राहीबाईंना आधीच कमी दिसायचं. त्यांनी ताटली डोळ्यांजवळ ओढली, बोटानं चाचपली आणि काठी फरशीवर आपटली.

"जुळं! एक पेढा, एक बर्फी. जुळं हाय पोरींनो!"

"आजी, जुळं नाही," समीक्षा घाईनं म्हणाली. "सोनोग्राफीत एकच बाळ आहे."

"आगं, त्या मशिनीला काय कळतंय? एकामागं एक लपलं आसंल. दुसरी वाटी उचल बघू."

दुसरी वाटी रिकामी होती.

"बघा! म्हंजी ह्या दोघांवर पाळणा बंद," राहीबाईंनी निकाल दिला. यावर कुणाचंच दुमत नव्हतं, आणि एकच हलकल्लोळ झाला.

पुढचं सगळं रीतसर झालं. जुळं म्हटल्यावर ओटी एकदा भरून कशी चालेल? दुसरा नारळ आला, दुसरा खण आला, दुसऱ्यांदा गहू ओतले गेले आणि मांडीवरच्या ओझ्यानं समीक्षाच्या सुजलेल्या पायांना मुंग्या आल्या. "आता दोघांचं न्हाई, तिघांचं खायाचं," असं म्हणत एका मावशींनी तिच्या तोंडात अख्खी पुरणपोळी कोंबली. शिवांजलीनं रील टाकलंसुद्धा. अंगणातून सासरे लालासाहेब ओरडले, "मग सुताराला दुसरा पाळणा सांगू का? आन् जयराजला फोन लावतोय मी!"

"मामा, थांबा हो!" समीक्षा ओरडली, पण पुरणपोळीतून शब्द फुटला नाही.

राहीबाई मात्र थोड्या विचारात पडल्या होत्या. शेजारणीच्या गुडघ्यावर थोपटत, मान कलती करून, ओठांचे कोपरे खाली ओढत म्हणाल्या, "एक पोरगा, एक पोरगी. पोरगीचं काय बाई... असू दे. असू दे."

समीक्षानं झटकन मान वळवली. देवघराच्या पडद्याआडून अबोली बघत होती. बोटं चाटत होती. तिची नजर राहीबाईंच्या तोंडावर खिळली होती आणि ओठांचे कोपरे सरावासाठी हळूहळू खाली जात होते.

सासूबाईंनी समीक्षाला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"बर्फी कुठनं आली?"

"दोन पेढे कुठून आले होते?"

कुकरची शिट्टी झाली. ती बोलणं संपवायला पुरेशी होती, पण सासूबाईच खाली बघून बोलल्या.

"माझ्या येळंला माझ्या जावंनं दोन्ही वाट्यांत बर्फीच ठिवली हुती. मला काय ठावं? मी उचलली. सासूनं त्या दिसापासनं माझं दूध बंद केलं. बाळंत व्हईस्तवर ताकाचं पाणी पिलं मी. आन् झाला कोण? तुजा नवरा."

"मग तरी तुम्ही..."

"म्हणूनच. तुला दोन म्हयनं तरी कुणी काय बोलायला नगं. पुढचं पुढं बघितलं आस्तं."

इतक्या वर्षांनी या बाईला वाट्या खोट्या आहेत हे कळलं होतं, आणि त्यावर तिनं काढलेला उपाय म्हणजे वाट्या जास्त खोट्या करणं.

"बाहेर खरं सांगू का?" समीक्षा म्हणाली.

"खबरदार! देवाम्होरल्या वाटीत तोंड घातलं म्हणून पोरीला जलमभर नाव पडंल. आन् मला, आन् तुला. गप बसायचं. एकच आलं की डागदरला नावं ठिवू."

या योजनेत खोट काढायला समीक्षाला वेळ मिळाला नाही. बाहेरून लालासाहेबांची हाक आली. जयराजचा व्हिडिओ कॉल आला होता.

मोबाईल हातोहात फिरत आला. पडद्यावर बर्फाळ डोंगरापुढं जयराजचा चेहरा तुकड्या-तुकड्यानं हलत होता. "समीक्षा, दोन? खरंच दोन? म्हणजे एक तरी मुलगा नक्की!"

तो असं बोलेल असं समीक्षाला वाटलं नव्हतं. अबोलीच्या वेळी सगळ्या घरात 'असू दे' न म्हणणारा हा एकटाच होता. निदान तिनं तसं धरून ठेवलं होतं. आता नीट आठवायला गेली, तर तो तेव्हाही फोनवरच होता आणि आवाज तुटत होता.

"अबू कुठंय? अबूला द्या," तो म्हणाला. अबोलीला कुणीतरी पुढं केलं. "अबू! तुला भाऊ येणार, भाऊ!"

सगळ्या बायका कौतुकानं पुढं झुकल्या. आता पोरगी टाळ्या वाजवणार. शिवांजलीनं मोबाईल धरलाच.

अबोलीनं बापाच्या चेहऱ्याकडं बघितलं. थोडा विचार केला. मग तिनं ओठांचे कोपरे खाली ओढले, मान एका बाजूला कलती केली आणि पेढ्यानं चिकट झालेल्या हातानं पडद्यावरच्या बापाला थोपटलं.

"असू दे पप्पा," ती म्हणाली. "असू दे."

जयराजचा चेहरा पडद्यावर थिजला. तो नेटमुळं की कशामुळं, ते कळायला मार्ग नव्हता. राहीबाईंनी शेजारणीच्या गुडघ्यावरचा हात काढून आपल्या मांडीवर घेतला. पहिल्यांदा हसल्या त्या सासूबाई. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग समीक्षाही हसली. पण सातव्या महिन्यात हसणंसुद्धा जपून करावं लागतं. गहू, दोन नारळ, दोन खण जमिनीवर सांडत ती उठली आणि पळाली.

दार लावून बसल्यावर हसू ओसरलं आणि नाकात पाणी आलं. जो शब्द तिनं तीन वर्षं पोरीपासून राखला, तो पोरगी एका दुपारीत, हावभावासकट शिकली होती.

दाराखालून चिकट बोटं आत आली.

"आई, तू ललते?"

"नाही गं. आले."

"मला पन शू."

"थांब हं अबू. अगदी एक मिनिट. थांबतेस ना?"

दाराबाहेर शांतता पसरली.