रंगकाढे नाना

कुठलाही रंगवलेला दरवाजा दिसला की आमचे शेजारी नाना त्यावर नख घासून पाहत. दरवाजा कुणाचा आहे, आत माणसं काय करताहेत, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. नखाला रंगाचा कपचा आला की म्हणत, "खाल काय शे, देखूत तरी."

नाना मूळचे पिंपळनेरचे. नोकरीतून निवृत्त होऊन जळगावला, आमच्या पिंप्राळ्यात स्थायिक झालेले. नव्वद सालच्या आसपास त्यांच्या जावयाने मस्कतहून एक हीट गन आणली. दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखी. पण तिच्या झोतापुढे ऑइलपेंट पापडासारखा फुलायचा. मग नाना पट्टीने तो सोलून काढत. सोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते मी एरवी फक्त भरीत खाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

महिनाभरात नानांचं अख्खं घर उघडं पडलं. दारं, खिडक्या, पाट, देव्हारासुद्धा. परत रंग देणं मात्र त्यांना मान्य नव्हतं. बायको, म्हणजे अक्का, म्हणायच्या, "बठ्ठं घर सोलीसन ठेवं. आते मीच राहिनू." घरचं संपल्यावर नाना गल्लीत शिरले. हीट गन सुरू झाली की आमच्याकडचे दिवे मंदावत आणि आई म्हणे, "आज कुणाचं दार गेलं?"

माझ्या बहिणीला बघायला धुळ्याचे पाहुणे यायचे होते, त्या सकाळी आमचं गेलं. वडील बाजारातून परत आले तेव्हा नाना स्टुलावर उभे होते आणि दाराचा वरचा अर्धा भाग सोलून झाला होता.

"नाना, आज कशाला?"

"पाव्हनासले सागनं दार दिसाले पाहिजे," नाना म्हणाले, आणि वीज गेली.

ती आलीच नाही. पाहुणे आले तेव्हा दार वर तपकिरी, खाली हिरवं आणि मधे गोवर निघाल्यासारखं होतं. मुलाचे वडील चष्मा सारखा करून त्याकडे बघत राहिले. नाना पुढे झाले आणि हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा कसा लागला हे त्यांना समजावू लागले. माझे वडील त्यांना खुणा करत होते, पण नानांचं लक्ष लाकडाकडे.

आत कार्यक्रम अगदी गंभीरपणे चालला होता. बहीण पोह्यांच्या बशा घेऊन आली. मुलाने बशी घ्यायला पाय जरा पुढे केला, तर त्याच्या पायमोज्याला हिरव्या रंगाचा हातभर पापुद्रा चिकटलेला. तो त्याने हळूच दुसऱ्या पायाने काढायला पाहिला, तर तो दुसऱ्या पायाला चिकटला. बहिणीला हसू आवरेना. मग मुलगाही हसला, आणि खोलीतलं अवघडलेपण गेलं. लग्न जमलं. त्याचं श्रेय नाना पुढे उघडपणे स्वतःकडे घेत.

अशा नानांनी एका शनिवारी मला विचारलं, "उद्या सुट्टी शे ना? पिंपळनेरले चाल. एक दार करनं शे."

दारासाठी एवढ्या लांब? मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, की पिंपळनेरला नानांचे थोरले भाऊ असतात, आबा. घराच्या वाटणीत दोघांत शब्दाला शब्द लागला, तेव्हापासून बोलणं बंद. आता आबा आजारी असल्याचं कानावर आलं होतं.

एसटीत नाना धुळ्यापर्यंत मला झोत कसा धरायचा ते शिकवत होते. साक्री मागे पडली आणि ते पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

आबा ओसरीवर खाटेवर टेकून बसले होते. खूप खंगलेले. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि विचारलं ते भावजयीला.

"वहिनी, प्लग कोठे शे?"

त्या माउलीने काही न विचारता दाखवला. नानांनी चप्पल काढली, यंत्र लावलं आणि दाराला भिडले. आबा बघत राहिले. मी सोललेले पापुद्रे गोळा करत होतो. नानांचा हात मात्र त्या दिवशी नेहमीसारखा चालत नव्हता. एकाच जागी झोत राहून लाकूड करपत होतं.

"जळी राह्यनं," आबा म्हणाले.

नानांनी यंत्र बंद केलं. पाठमोरेच उभे राहिले.

"दिसी राह्यनं माले," ते म्हणाले.

वहिनींनी चहा आणला. नाना खाटेच्या कडेला टेकले. आबांनी आपल्या कपातला निम्मा चहा बशीत ओतला आणि बशी नानांपुढे केली. नानांचा स्वतःचा कप शेजारी तसाच भरलेला होता. त्यांनी बशी घेतली.

दुपार कलली तसं दार पूर्ण झालं. नाना उठून खिडकीकडे वळले, तेव्हा आबांनी हात वर केला.

"खिडक्या राहू दे," ते म्हणाले. "त्या पुढल्या खेपले."

हातातलं काम नानांनी कधी अर्धवट सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने वायर गुंडाळायला घेतली.