पिशवीवर डोळा

"कॅफेत बसायचं नाही. हॉटेलात जेवायचं तर नाहीच नाही. आणि ही पिशवी क्षणभरही हातातून सोडायची नाही," व्हिएन्नाच्या स्टेशनवर उतरता उतरता ओल्द्रिखने बायकोला बजावलं.

पिशवीत दोन दिवसांच्या मुक्कामाला पुरतील एवढे तळलेले काप होते. आमच्या चेक देशातल्या ओलोमोउत्सचा माणूस देशाबाहेर निघाला की एक वेळ पासपोर्ट विसरेल, पण पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले डुकराच्या मांसाचे काप विसरणार नाही. चांदीच्या कागदात गुंडाळलेले, सोबत ब्रेड आणि खारवलेल्या काकड्या. आता ज्या शहराच्या नावावर हे काप जगभर खपतात, तिथेच ते घरून न्यायचे म्हणजे समुद्राला मीठ पोचवण्यातला प्रकार. पण ओल्द्रिखचा व्हिएन्नाच्या कापांवर विश्वास नव्हता. खरं तर त्याचा कशावरच नव्हता.

त्याच्या बायकोचं, क्वेताचं, मात्र या शहरात एकच काम होतं. लहानपणी, कम्युनिस्ट राजवटीत सीमा बंद होती तेव्हा, तिची आई तिला इथल्या कॅफेचं वर्णन करून सांगायची. संगमरवरी टेबल, काळ्या कोटातला वेटर, चॉकलेटचा केक आणि शेजारी फेटलेल्या सायीचा ढीग. आई ते परत न बघताच गेली. आता क्वेताचीही साठी उलटली होती. त्या टेबलाशी बसल्याशिवाय तिला माघारी जायचं नव्हतं.

"एकच केक, ओल्दा. दोघांत एक."

"शिळा देतात. परका माणूस बघितला की हमखास. चल गप."

मोठ्या चर्चसमोरच्या बाकावर बसून ओल्द्रिखने कागद उलगडायला घेतला, तोच समोरच्या बाकावर हिरव्या टोपीतला एक उंच माणूस बायकोसकट येऊन बसला. त्याची नजर थेट पिशवीवर.

"ऊठ," ओल्द्रिख पुटपुटला. "चोर आहे."

ती दोघं राजवाड्याच्या बागेत गेली. कारंज्यापाशी एक बाक रिकामा होता. ओल्द्रिखने काकडीची बाटली काढली, आणि कुंपणाच्या झाडीवरून हिरवी टोपी वर आली. ट्राम पकडून ती दोघं नदीकाठी आली, तर तिथल्या एकुलत्या एका बाकाकडे हिरवी टोपी पलीकडून लगबगीने येत होती.

"अरे, मला भूक लागलीय," क्वेता म्हणाली. "कॅफेत शिरू या ना. तिथं कसा येईल तो?"

ओल्द्रिख जागच्या जागी थांबला. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता.

"हेच! हेच हवंय त्यांना! हा चोर नाहीच, हा हॉटेलवाल्यांचा माणूस आहे. बाकाबाकावरून उठवायचं, उपाशी फिरवायचं, आणि शेवटी बिचारे आपण आपल्या पायांनी हॉटेलात!"

"तुझ्यापुढे हात टेकले बाबा," क्वेता म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

शेवटी गल्लीतल्या एका छोट्या चर्चमध्ये ती दोघं शिरली. आत चिटपाखरू नव्हतं. खांबाआड बसून ओल्द्रिखने श्वास रोखून कागद उलगडला. चर्रर्र. तो थांबला. खांबापलीकडूनही आवाज आला, चर्रर्र.

त्याने हळूच डोकावलं. हिरवी टोपी मांडीवर ठेवून तो उंच माणूस बसला होता, आणि त्याच्या तोंडात अर्धा काप होता.

"का हो, आमचा पिच्छा का पुरवताय?" तो माणूस घास न गिळताच चेक भाषेत गरजला. "सकाळपासून आम्ही जो बाक हेरतो, त्यावर तुम्ही आधीच बसलेले! कुठल्या हॉटेलचे तुम्ही?"

"मी? मी ओलोमोउत्सचा!"

"हात्तिच्या! आम्ही प्रेरोवचे. शेजारचेच की!"

एवढ्यात चर्चचा राखणदार धावत आला आणि त्याने चौघांनाही कापांसकट बाहेर काढलं. चर्चमागच्या बाकावर दोन्ही पुरुषांची गट्टी जमली. ब्रेतिस्लाव, म्हणजे हिरवी टोपी, ओल्द्रिखहून संशयी निघाला. दोघांनी पिशव्या मध्ये ठेवल्या आणि दोन्ही बाजूंनी पहारा बसवला. क्वेताने ब्रेतिस्लावच्या बायकोकडे, ज्देन्काकडे, पाहिलं. ज्देन्काने क्वेताकडे पाहिलं.

"आम्ही जरा बाथरूम शोधून येतो," दोघी एकदमच म्हणाल्या.

त्या परतल्या तेव्हा त्या दिवसाचे काप संपले होते आणि सावल्या लांबल्या होत्या.

"एवढा वेळ?" ओल्द्रिखने डोळे बारीक केले.

"ओल्दा, तुझंच खरं," क्वेता त्याच्याजवळ बसत म्हणाली. "बाथरूमसाठी कॅफेत शिरावं लागलं. भामटे आहेत रे सगळे! तू अजिबात जाऊ नकोस तिथं. तुम्ही दोघं उद्याही इथंच बसा, पिशव्या सांभाळा. त्या कॅफेवाल्यांवर नजर ठेवायला आम्ही दोघी जाऊन येऊ."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायकोला आपलं म्हणणं पटलं, म्हणून ओल्द्रिखचा ऊर भरून आला. एवढ्यात तिच्या स्कार्फवरचा पांढरा ठिपका त्याला दिसला. त्याने खिशातून रुमाल काढून तो मायेने पुसला.

"बघितलंस? इथली कबुतरंसुद्धा परक्या माणसावर टपलेली असतात."

"हो ना," क्वेता म्हणाली. "उद्या आम्ही आतल्या टेबलावरूनच नजर ठेवू."