आधीच मानलेले आभार

ज्या वर्षी कांताबाईंच्या नातीचं, दीपमालाचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला, ते साल दोन हजार एकोणीस. मार्च महिना होता. तुरी घरात आल्या होत्या आणि शेवटच्या वेचणीचा कापूस ओसरीत पडला होता. कांताबाईंचा मुलगा, म्हणजे दीपमालाचा बाप राजदीप, याने तो ताडपत्रीखाली लोटला आणि अंगणात मांडव घातला. बाभुळगावपासून आत असलेल्या या गावात मांडव म्हणजे निम्मं गाव येणार हे ठरलेलंच.

दीपमालाचं हे दुसरं साक्षगंध. पहिलं दारव्ह्याकडच्या मुलाशी ठरलं होतं, पण नवरदेवाच्या मामाला बसायला खुर्ची मिळाली नाही. मामाला खुर्ची मिळाली नाही म्हणून मुलीला नवरा मिळाला नाही. तेव्हापासून राजदीप खुर्च्यांना घाबरायचा. या वेळी त्याने पाहुण्यांपेक्षा जास्तच खुर्च्या आणवल्या होत्या. नवा मुलगा प्रफुल्ल, यवतमाळला नोकरीला. दीपमालाने तो आवडल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिच्या फोनची बॅटरी दुपारीच संपू लागली होती. हे साक्षगंध मोडलं तर पोरगी तिसऱ्यांदा नटून बसणार नाही, हे कांताबाईंना पक्कं माहीत होतं.

पुढे जे झालं ते कळायला या गावात थँक्यू हा शब्द कसा आला ते ठाऊक असावं लागतं. पूर्वी कुणी कुणाचे तोंडाने आभार मानत नसे. शेजारणीने भाजी दिली तर तिची वाटी रिकामी परत जात नसे, एवढंच. शब्द आला तो शाळेतून. तपासणीला साहेब आले की गुरुजी मुलांकडून शेवटी एका सुरात थँक्यू म्हणवून घेत. साहेब जेवायला जात आणि शाळा सुटत असे. त्या पिढीला थँक्यू म्हटलं की दप्तर आठवायचं. मग भोंगे आले, सभा आल्या, जयंत्या आल्या. प्रत्येक कार्यक्रमाचं शेवटचं काम म्हणजे आभार. आभार मानणारा माणूस उभा राहिला की लोक उठत, मागची धूळ झटकत आणि जेवणाकडे निघत. ते आभार आजवर कुणी ऐकले नव्हते. आता तर पोरं ऑटोवाल्यालाही थँक्यू म्हणतात, आणि ऑटोवाला लगेच गाडी सोडतो. सांगायचं म्हणजे शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. पण कानावर पडला की पाय आपोआप उठत.

लोकच कशाला, कामाची माणसंही त्यावरच चालत. मांडवामागे लखीराम आचारी स्वयंपाक करत होता. तो घड्याळ बघत नसे, भोंगा ऐकत असे. बुद्धवंदना सुरू झाली की वांग्याची फोडणी, अंगठीच्या वेळी भात, हारांच्या टाळ्या ऐकू आल्या की पोळ्या, आणि आभाराला वाढपी पुढे. त्याचा भात कधी कच्चा राहिला नव्हता. भोंगेवाला किसनसिंगही आभार ऐकले की माइकची पिन काढी आणि त्याची माणसं खुर्च्या उचलून पंगतीकडे नेत, म्हाताऱ्यांना खाली बसता येत नाही म्हणून.

पाहुणे आले. प्रफुल्लचे वडील इंद्रजितराव बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा घातलेले, हळू बोलणारे गृहस्थ. सगळे बसले. पुढे टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, फुलं. आत दीपमालाच्या साडीच्या निऱ्या अजून टाचायच्या होत्या. तेवढ्यात इंद्रजितरावांनी विचारलं, सुरू व्हायच्या आधी दोन शब्द बोलू का. राजदीपला आनंदच झाला. पाहुणा स्वतःहून बोलतो म्हणजे खुशीत आहे.

इंद्रजितरावांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "सगळ्यात पहिले, तुम्ही एवढ्या उन्हाचे आलात, त्याबद्दल तुम्हा सगळ्यांना मनापासून थँक्यू."

पुढच्या रांगेत रामराव बसले होते. गावात कुठलाही कार्यक्रम असला की ते पुढे बसत आणि आभाराला सगळ्यांच्या आधी उठत. ते उठले. रामराव उठले म्हणजे झालं, म्हणून त्यांच्या मागची रांग उठली, तिच्या मागची उठली. बाहेर कडुनिंबाखाली तंबाखू मळत बसलेल्यांना भोंग्यातून तेवढाच शब्द ऐकू गेला, आणि आपण बोलण्याच्या नादात राहिलो, कार्यक्रम झाला, असं वाटून तेही लगबगीने पंगतीकडे निघाले.

"अंगठी झाली काय गा?" एकाने चालता चालता विचारलं.

"झाली असन. आपलंच ध्यान नव्हतं," दुसरा म्हणाला.

किसनसिंगने पिन काढली. त्याला संध्याकाळी दुसऱ्या गावात भोंगा लावायचा होता, म्हणून लवकर सुटल्याचा त्याला आनंद झाला. इंद्रजितराव अजून बोलतच होते, पण आता त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत होते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या भावाने टेकायला म्हणून हात मागे नेला, तर खुर्ची नव्हती. ती पंगतीकडे चालली होती.

मांडवामागे लखीरामच्या हातातला झारा थांबला. वांगी चिरलेली होती, तांदूळ धुतलेले होते, कणीक भिजत होती, आणि पंगत बसली होती. पंगतीत बसलेल्या माणसाला उठवायचं नाही आणि रिकाम्या पत्रावळीसमोर ठेवायचं नाही, हे तो बापाकडून शिकला होता. तयार होती फक्त बुंदी आणि मठ्ठा. त्याने वाढप्यांना बुंदी घेऊन पाठवलं आणि सांगितलं, एक एक दाणा मोजल्यासारखी वाढा.

आत दीपमालाने आवाज ऐकला. मांडव मोकळा होतोय, खुर्च्या ओढल्या जातायत, आणि आपल्याला अजून कुणी बाहेर बोलावलं नाही. मागच्या वेळी असाच आवाज आला होता. निऱ्यांतली पिन काढून ती भिंतीला टेकून खाली बसली.

इंद्रजितरावांनी रिकाम्या मांडवाकडे पाहिलं, माइक हळूच टेबलावर ठेवला आणि जाऊन आपल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. त्यांच्या मागोमाग भाऊ गेला, बायका गेल्या. आम्ही तोंड उघडलं तर गाव उठून गेलं, असल्या घरी मुलगा द्यायचा का, असं भाऊ म्हणत होता. राजदीप धावत गेला. त्याला सांगायचं होतं की अपमान नाही झाला, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून नको तेच आधी येतं.

"साहेब, लोकं तुमच्याच्यानं नाई उठले," तो म्हणाला, "लोकं जेवाले उठले."

"म्हणजे आमच्यापेक्षा बुंदी मोठी," भाऊ म्हणाला, आणि ड्रायव्हरला गाडी चालू करायला सांगितलं.

कांताबाईंचे गुडघे त्या वर्षी फार दुखत होते. त्या काठी टेकत आल्या, जीपचं मागचं दार उघडलं आणि आत चढून बसल्या. आता गाडी हलवायची म्हणजे नवरीच्या आजीला पळवून नेण्यासारखं होतं. ड्रायव्हरने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"जराक पाय दुखून राह्यले बाप्पा," कांताबाई म्हणाल्या. "तुमचा पोरगा कुठी हाय?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की नवरदेवच जीपमध्ये नाही. प्रफुल्ल गर्दीबरोबर वाहत गेला होता, शेजारच्या तानाबाईंनी त्याचा हात धरून पंगतीत बसवलं होतं, आणि तो मान खाली घालून बुंदी खात होता. भाऊ त्याला आणायला निघाला तर कांताबाईंनी काठी आडवी केली. जेवत्या माणसाले उठवू नये, म्हणाल्या. मग इंद्रजितरावांकडे वळल्या.

"साहेब, एक इचारू? आभार पहिलेच काहून मानले तुम्ही? थे तं शेवटी असते."

इंद्रजितरावांनी समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "शेवटी कोणी ऐकत नाही, आजी. बँकेत दर कार्यक्रमाचे आभार माझ्याकडे असायचे. मोठ्या साहेबाचं भाषण झालं की माझा नंबर. मी उभा राहिलो की हॉल रिकामा. अख्खी नोकरी मी खुर्च्यांचे आभार मानले. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमातही तेच झालं. म्हणून ठरवलं होतं, पोराच्या साक्षगंधात लोक बसलेले असतानाच म्हणून टाकायचं. निदान एकदा माणसांना म्हणायचं."

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू नये असं त्यांना वाटत होतं, पण पोट हलत होतं आणि त्याबरोबर सीटही हलत होती.

"हसू नका, आजी," इंद्रजितराव म्हणाले.

"हसत नाई, इवाई. पण मी काय म्हणतो, आमच्या सरपंचानं तासभर सांगतलं तरी हे गाव जागचं हालत नाई. तुम्ही एक शब्द बोलले अन् सारं गाव उठलं. इतका मान इथं आजवर कोणाले भेटला नाई."

त्यांनी इवाई म्हटलं होतं. साक्षगंध व्हायच्या आधीच व्याही करून टाकलं होतं. इंद्रजितरावांना ते जाणवलं. त्यांच्या भावालाही जाणवलं, आणि तो काही बोलणार तेवढ्यात त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"पोरगी आत खाली बसली हाय," कांताबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "तिले वाटते मोडलं. मागच्या खेपी मोडलं तवा महिनाभर बोलली नाई थे कोणाशी. तुमचा अपमान झाला असन तं मले बोला. मी लहानपणापासून बोलणे खाल्लेली हाव. पण तिले यातलं काही ठाऊक नाई."

इंद्रजितराव जीपमधून उतरले. त्यांनी मागे जाऊन कांताबाईंना हात दिला आणि विचारलं, "आता करायचं काय? सगळे तर जेवायला बसले."

"जेवू द्या. आपणही जेवू. जेवलेला माणूस कुठी पळत नाई. मंग कार्यक्रम करू. अन् आभार तं होऊनच गेले, म्हणजे आता उठाले कोणाले कारणच राह्यलं नाई."

तसंच झालं. लखीरामला हवा तेवढा वेळ मिळाला, कारण पाहुणे आणि गावकरी बुंदीवर गप्पा मारत राहिले, आणि वांगी आली तेव्हा सगळ्यांना ती नेहमीपेक्षा गोड लागली. बुंदीआधी खाल्लेली वांगी आणि बुंदीनंतर खाल्लेली वांगी यांत फरक असतो, असं रामराव म्हणाले. कांताबाईंनी आत जाऊन नातीला निऱ्या पुन्हा टाचायला सांगितलं.

"मोडलं नाई?" दीपमालाने विचारलं.

"मोडाले अजून सुरू कुठी झालं? ऊठ. पोरगा दुसऱ्यांदा बुंदी घेऊन राह्यला."

खुर्च्या परत आल्या. किसनसिंगने कुरकुरत पिन परत लावली. मेणबत्त्या पेटल्या, वंदना झाली, सगळ्यांनी त्रिशरण पंचशील म्हटलं, अंगठ्या झाल्या, हार झाले, टाळ्या झाल्या. सगळं रीतसर झालं, आणि मग कुणी उठेना. आभार झालेले नसताना उठायची सवय नव्हती, आणि आभार तर होऊन गेले होते. उन्हं उतरली. लखीरामने चहा टाकला. लोक चहा पिऊन बसून राहिले. किसनसिंगच्या दुसऱ्या गावाहून दोनदा फोन येऊन गेला.

"राजदीप भाऊ," तो कानाशी येऊन म्हणाला, "आभार कोण मानून राह्यलं?"

"झाले ना मघाशी."

"मंग हे लोकं उठन कसे?"

राजदीपने आईकडे पाहिलं. कांताबाईंनी इंद्रजितरावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इवाई, सारे बसले हायेत. पोट भरेल हाय. बोला आता. पण थो शब्द घेऊ नका. कोणी काय केलं थे सांगा."

इंद्रजितराव उभे राहिले. त्यांनी लखीरामचं नाव घेतलं, अर्ध्या स्वयंपाकात पंगत सांभाळली म्हणून. पोळ्या लाटणाऱ्या बायांची नावं राजदीपला विचारून घेतली. तानाबाईंनी आपल्या मुलाला हात धरून जेवायला बसवलं, तो उपाशी राहिला नाही, हे सांगितलं. उन्हात थांबलेल्या पाहुण्यांच्या ड्रायव्हरला कडुनिंबाखाली बाज टाकून देणाऱ्याचं सांगितलं. किसनसिंगने एका दिवसात एकच पिन दोनदा लावली, तेही सांगितलं. प्रत्येकाला आपलं नाव येतं का ते ऐकायचं होतं, त्यामुळे खोकलाही कुणी मोठ्याने काढला नाही. शेवटी ते म्हणाले, एक म्हातारी बाई आज माझ्या जीपमध्ये येऊन बसली नसती तर मी एव्हाना घरी पोहोचलो असतो आणि आयुष्यभर या गावाला नावं ठेवली असती. मग ते डोळे पुसत खाली बसले.

सगळे बसूनच होते. रामरावही बसून होते. खूप वेळ झाला. किसनसिंग पिनेवर हात ठेवून बघत होता.

"इवाई," कांताबाई हळूच म्हणाल्या, "आता म्हणा."

"काय?"

"थेच."

इंद्रजितराव उठले, माइकजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "थँक्यू."

रामराव धूळ झटकत उभे राहिले आणि मांडव रिकामा झाला.

दीपमाला आणि प्रफुल्लचं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं. त्यांना आता मुलगी आहे. कांताबाई दोन हजार तेवीसच्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या बुधवारी, स्वतःच्या घरी, झोपेत वारल्या.