सटवाजी मिस्त्रीचा नेम

सटवाजी मिस्त्री पंधरा वर्षं माझा शेजारी होता आणि त्या पंधरा वर्षांत त्यानं मला एक वस्तू कधी हातात दिली नाही. सगळं फेकून दिलं. लिंबू, किल्ली, सुपारी, संक्रांतीचा तिळगूळ, आणि एकदा तर चांगलं पिकलेलं सीताफळ. जालन्याच्या मस्तगडात माझं शिवणकामाचं दुकान आणि रस्त्यापलीकडं समोर त्याचा ओटा. ओट्यावर उभा राहून तो हात वर करायचा आणि ओरडायचा, "मास्तर, आला!"

मी "हा" म्हणेपर्यंत हात तसाच वर. मी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत असलो तरी त्याला काय त्याचं!

"हा म्हना जल्दी. हा म्हनल्याबिगर सुटत न्हाई."

वैतागून "हा" म्हटलं की वस्तू बराबर मांडीत येऊन पडायची. तिळगूळ तेवढा मशीनच्या तेलात गेला, कारण मी हा म्हणालो आणि कात्री घ्यायला वाकलो. वर त्यानं मलाच झापलं, "हा म्हनून हलता कामून?"

हे खूळ त्याला धंद्यानं लावलं होतं. सटवाजी लोखंडी कामाचा माणूस. निजामाच्या अमलात आमच्या भागात कापसाच्या जिनिंगी भराभर उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या शेडी लोखंडाच्या. एका मारवाडी शेठजीची शेड चढत होती तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. खाली सटवाजीची भट्टी. भट्टीत अंगठ्याएवढे जाड खिळे लालभडक तापलेले, त्यांना ही मंडळी रिपीट म्हणतात. वर, दोन मजल्यांच्या उंचीवर, तुळईवर बसलेला गडी हातात पत्र्याचा डबा धरून. सटवाजी सांडशीनं रिपीट उचलायचा, "आला!" म्हणायचा, वरून "हा!" आला की फेकायचा. रिपीट डब्यात टण्णकन वाजायचा. मग दुसरे दोघे तो भोकात घालून दोन्हीकडून ठोकायचे. दिवसभर हेच. "आजवर एकबी खाली पडला न्हाई," हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

आता असल्या माणसाला लग्नाला बोलवायचं म्हणजे पंचाईत. चार लोक अक्षता टाकतात, त्या कुठंही पडतात. याच्या अक्षता एकामागून एक नवरदेवाच्या उजव्या कानात. हसनाबादच्या एका वऱ्हाडानं तर तक्रार केली की मुलीकडचा कुणीतरी दावा धरून मारून राह्यलाय. तेव्हापासून आम्ही त्याला मांडवात खांबाआड उभा करायचो.

त्याच्या घरात मात्र हे सगळं झकास चालायचं. बायको गोदावरी, आम्ही तिला वैनी म्हणायचो. लेकरू-बाळ नाही. ती माझ्या सदऱ्यांची काजं करून द्यायची. सटवाजी बाजारातून आला की दारातूनच वांगी सोडायचा, आणि ती चुलीकडं तोंड करून, मान न वळवता "हा" म्हणून पदरात झेलायची. मी माझ्या बायकोला म्हटलं, बघ, असा संसार असतो. ती म्हणाली, तुम्ही आधी वांगी आणा.

सटवाजीला हौस एकच होती. पूल. "शेड काय हो मास्तर, शेठनं इकली की पत्रे उतरून नेत्यात. पूल ऱ्हातो. एक पूल करायचाय मला." रेल्वेचा रूळ दिसला तरी हा माणूस पुलाची गोष्ट काढायचा. मला पाठ झाली होती.

मग एका उन्हाळ्यात त्याचं फेकणं थांबलं. बाजारातून यायचा, वहाणा काढायचा, आत जाऊन वैनीच्या हातावर भाजी ठेवायचा. वैनीनं काजं घेणंही बंद केलं, म्हणाली, बोटं दुखतात. मी सटवाजीला छेडलं, "काय मिस्त्री, हात म्हातारा झाला का?" "झाला ना," म्हणाला आणि विडी पेटवली. मला ते बिलकुल आवडलं नाही. या माणसाचं फेकणं बंद झाल्यावर मला दुकानात करमेना, हे मी त्याला काय सांगणार!

त्याच दिवसांत ठेकेदाराचा माणूस सटवाजीला शोधत आमच्या गल्लीत आला. पूर्णा नदीवर लोखंडी पूल व्हायचा होता. भट्टीवर मुख्य मिस्त्री म्हणून सटवाजी हवा होता, दोन वर्षं तिथंच मुक्काम. माझ्या दुकानासमोरच बोलणं झालं. मला वाटलं, आता हा नाचतो.

सटवाजी म्हणाला, "न्हाई जमायचं सायेब. माझा नेम गेला."

त्या माणसाला पटेना. त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुढं धरली आणि म्हणाला, टाकून दाखव. सटवाजीनं माझ्याकडची तीन लिंबं घेतली. पहिलं हुकलं. दुसरं हुकलं. तिसरंही हुकलं. तो माणूस चुकचुकला आणि गेला.

पण मी शिंपी आहे. माझं पोट मापावर चालतं. तिन्ही लिंबं टोपीपासून बराबर एक हात डावीकडं, एकाच जागी आपटली होती. नेम गेलेल्या माणसाला असं हुकता येतं का?

माझं डोकं फिरलं. पुलासाठी जन्मभर माझा मेंदू खाल्लास आणि दारात आलेला पूल परतवून लावतोस? मी तरातरा त्याच्या ओट्यावर गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच तो हळूच बोलला.

"मास्तर, वरडू नका. गोदीला दिसत न्हाई आता. औरंगाबादच्या डाक्टरला दाखवून आल्तो. डोळ्याची नस वाळली, म्हनला, इलाज न्हाई. तिला वाटतं गल्लीत कुनाला ठावं न्हाई. तिला एकटीला टाकून कुठं जाऊ? तिला म्हननार, ठेकेदारानं दुसराच मिस्त्री धरला. तुमी बी तेच म्हना."

एवढं बोलून तो घागर घेऊन आडावर गेला. मी तिथंच उभा.

"कोन हाय?" आतून वैनीनं विचारलं. मी तिच्यापासून चार हातांवर, भर उन्हात, दारात होतो.

"मी, वैनी. समोरचा."

"भाऊजी, खरं सांगा. पुलाचा मानूस आल्ता ना? काय म्हनला?"

"दुसरा मिस्त्री धरला म्हणे," मी म्हणालो.

वैनी मटकन खाली बसली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल, काहीतरी समजूत घालावी. तर तिनं दोन्ही हात जोडले आणि पदर तोंडाशी धरून ती रडायला लागली.

"भाऊजी, यांना सांगू नका. मी जांबच्या रामाला नवस बोलल्ते, ते काम यांना मिळू नये म्हनून. जल्मभर पूल पूल करीत आले हो, आन मीच आडवी आले. पर मला एकटीला लई भ्या वाटतं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "मला पाप लागंल का हो?"

"नाही, वैनी," मी म्हणालो. तिकडून सटवाजी भरली घागर घेऊन येत होता.