बिनआवाजाची डिंगी

"आज तुझ्या चपलेचा तळसुद्धा ओला होणार नाही!" चष्मेवाल्यांनी बायकोला सांगितलं, तेव्हा त्यांची छाती शेजारच्या रबरी होडीपेक्षा जास्त फुगली होती.

चष्मेवाल्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि जीव होता एका छोट्या शिडाच्या बोटीत. आत झोपायला दोन बाकं, चहापुरती शेगडी, आणि उभं राहायची हौस आलीच तर मान वाकवून राहायची सोय. बोट खाडीच्या मध्यावर एका तरंगत्या बोयाला बांधलेली असे. तिथून काठावर ये-जा करायला लागते ती पिटुकली डिंगी. जुनी डिंगी वल्ह्यांची होती. तिने बायकोला एकाच मोसमात दोनदा गुडघ्यापर्यंत आणि एकदा थेट अंबाड्यापर्यंत भिजवलं होतं.

बायको शाळेत मुख्याध्यापिका. त्यामुळे तिने नुसती तक्रार केली नाही, निकाल दिला. "एकच संधी. मी पुन्हा भिजले किंवा तुम्ही पुन्हा ओरडलात, तर बोट विकायची!"

ओरडणं तिला भिजण्यापेक्षा जास्त झोंबे. घरात मुंगीलाही वाट देणारा हा माणूस बोटीवर पाय ठेवला की "धर! सोड! अगं तो नव्हे, तो!" असा सुटे की आसपासच्या बोटींवरचे लोकसुद्धा दचकून आपापले दोर धरत नाहीतर सोडत.

म्हणून ही नवी फुगवायची डिंगी आणि तिच्या पाठीला विजेवर चालणारी मोटर. ना धूर, ना दोरी ओढून खांदा निखळणं! दुकानदार म्हणाला होता, "साहेब, इतकी शांत आहे की चालू आहे की बंद, कळतच नाही." चष्मेवाल्यांना ती जाहिरात वाटली.

रविवारी सकाळी बंदराच्या लाँचने दोघांना सामानासकट बोटीवर सोडलं. दीड तास पायपंप मारून चष्मेवाल्यांनी डिंगी फुगवली, बॅटरी बसवली आणि डिंगी बोटीच्या धक्क्यापासून लांबच्या कुशीला पुढून-मागून घट्ट बांधली. निळ्या दोराने. सगळं कसं नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांनी यंदा सगळेच दोर एका निळ्या भेंडोळ्यातून कापले होते. बोट बोयाला बांधली होती तीही निळ्याच दोराने!

बेत साधा होता. आधी एकट्याने एक फेरी मारून दाखवायची, मग बायकोला काठावर न्यायचं. ते डिंगीत उतरले, मोटरचा छोटा पडदा वाचायला जवळचा चष्मा लावला. त्या चष्म्यातून हातभर अंतरापलीकडचं जग म्हणजे पातळ ताक.

"अगं, पुढचा दोर सोडतेस?" त्यांनी मधाळ आवाजात विचारलं. ओरडायचं नव्हतं ना!

"कुठला?"

"तो निळा. अगदी पुढचा."

बायकोने अगदी पुढचा निळा दोर सोडला. तो बोयाचा होता; डिंगीचे दोन्ही दोर तसेच राहिले, कारण मागचा सोडायचं चष्मेवालेही विसरले. मग ती मागे येऊन बसली, सुकाणूच्या दांड्यावर कोपर टेकलं आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला.

चष्मेवाल्यांनी मोटरची मूठ पिळली. काही नाही. आणखी पिळली. आवाज नाही, थरथर नाही, आणि नाकासमोर आपल्याच बोटीचं पांढरं अंग जसंच्या तसं! हेल्पलाइनला फोन लावून ते कुजबुजले, "ताई, मोटर बंद पडलीय हो."

"हिरवा दिवा दिसतोय का, सर?"

"दिसतोय."

"मग चालू आहे."

"अहो, मी इथेच आहे! समोर माझीच बोट आहे, मघाशी होती तिथेच!"

"वेग वाढवून बघा, सर."

वाढवला. बोट तिथेच.

"पूर्ण वाढवा."

"केला पूर्ण!"

"मग सर, तुम्ही जाताय."

"कुठे?"

ताईंनी तक्रार नोंदवून घेतली.

आणि इकडे खाडीत जे चाललं होतं, ते पाहून धक्क्यावरचे सगळे जागच्या जागी थिजले होते. डिंगी बोटीआड झाकलेली, शीड गुंडाळलेलं, इंजिन मुकं, आणि तरी ती बोट काचेसारख्या पाण्यावरून एखाद्या विचारासारखी सरकत होती! बायकोने नद्यांच्या उत्तरावर लाल रेघ मारायला कोपर सरकवलं, बोट डावीकडे वळली. पान उलटलं, बोट उजवीकडे. दोन श्रीमंत बोटींमधल्या ज्या बोळातून भले भले रंग खरवडून निघाले होते, त्यातून ती वीतभर जागा राखून पार झाली.

"शीड नाही, इंजिन नाही!" जाळं सांधणारा म्हातारा पुटपुटला. "बाई नुसती बसलीय रे!"

बंदराच्या अधिकाऱ्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकायचं विसरून गेले.

बायकोनेही मान वर केली. अख्ख्या नोकरीत आठशे पोरांकडून जी शांतता तिला मिळाली नव्हती, ती चहूबाजूंनी पसरली होती. लाल पेन हातातच राहिलं.

धक्क्यापासून चार हातांवर बॅटरी संपली. उरलेल्या ओढीवर बोट अलगद सरकली आणि झोपाळू गाल उशीला टेकावा तशी धक्क्याला टेकली. बायको कोरडी ठणठणीत खाली उतरली. अधिकाऱ्यांनी चक्क टोपी काढली.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. बोटीच्या कडेवरून पलीकडे, धक्क्यावर, वीस-पंचवीस माणसांचे पाय दिसले.

"अहो!" वरून बायकोचा आवाज आला, तोही भरून आलेला. "एक शब्द न बोलता आणलंत मला!"

चष्मेवाल्यांनी खुलासा करायला तोंड उघडलं. मग बंद केलं. "म्हटलं, बघू जमतंय का," ते म्हणाले.

"आता विकायची बिकायची नाही. मी दर रविवारी येणार!"

"खरंच?" त्यांना डिंगीतच नाचावंसं वाटलं.

"खरंच. फक्त तुम्ही असेच खाली बसायचं. वर बोटीत यायचं नाही."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. धक्क्यावरून त्यांचं तेवढंच दिसत होतं.